विसाव्या अक्षांशावरून पश्चिमेला

फेब्रुवारीतली पहाट आहे आणि तुम्ही मराठवाड्यातल्या लासूर स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. मनमाडकडून येणारी गाडी अजून दिसत नाही. बाजार समितीच्या दिशेने कांद्याचे ट्रॅक्टर निघालेत. अंगाला झोंबणारा वारा पूर्वेकडून येतोय. कोरडा वारा आहे, ओठ फुटावेत असा. मफलर घट्ट करा, पण त्या वाऱ्याकडे पाठ फिरवू नका. आज आपल्याला त्याच्याच मागे जायचं आहे.

लासूर जवळजवळ विसाव्या अक्षांशावर वसलंय. रूळ सोडून नाकासमोर पश्चिमेला निघालात तर वैजापूर ओलांडाल, मग नाशिक लागेल, सह्याद्री उतरून जव्हार आणि शेवटी डहाणूचा किनारा. सरळ रेषेत अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. शिवना नदीकाठच्या माणसाला समुद्र परका वाटतो, कारण तो दिसत नाही. पण तुमच्या रानात पडणारा पाऊस त्याच समुद्रावरून येतो आणि हिवाळ्यात थंड पडलेल्या जमिनीवरचा वारा समुद्राकडेच वाहतो. या जाण्यायेण्यातून जगातल्या सगळ्यात मोठ्या माशाचं, व्हेल शार्कचं, अरबी समुद्रातलं घर ठरतं. ते घर नकाशावर टाचणी टोचून दाखवता येत नाही. ते पाहायला वेगवेगळ्या काळांत जावं लागतं.

आधी खाली उतरा. रुळांखालची खडी, तिच्याखालचा मुरूम, मग काळा पाषाण. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे फलाट नाही, शिवना नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहतोय, थिजतोय, त्याच्यावर पुढचा थर येतोय. याच थरांत पुढे वेरूळ कोरलं जाणार आहे. तुम्ही जिथे उभे आहात तो भूखंड या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास. उत्तरेला हिमालय नाही. त्या जागी उघडा समुद्र पसरलाय. समुद्र आहे, ऊन आहे, पण आजच्यासारखा दर सहा महिन्यांनी दिशा बदलणारा वारा नाही, कारण तापायला आणि निवायला उत्तरेला एवढी मोठी, उंच जमीनच नाही. या पाण्यात व्हेल शार्क शोधण्यात अर्थ नाही. त्याच्या कुळातल्या जुन्या माशांचे चिमुकले दात यानंतरच्या, इओसीन कालखंडातल्या खडकांत सापडतात.

आता १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या एका जूनमध्ये या. भारत आशियाला भिडून बराच काळ लोटलाय. हिमालय आणि तिबेटचं पठार उंच झालंय, पश्चिमेला पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ प्रदेश वर आलाय. मालदीवजवळ समुद्रतळात घेतलेल्या छिद्रांतून निघालेला गाळ सांगतो, की आजच्यासारखे जोरदार मोसमी वारे साधारण याच सुमारास सुरू झाले. तुम्ही सोमालियाच्या किनाऱ्यावर उभे राहा. पाय रोवूनच राहा, कारण हा वारा माणसाला ढकलतो. किनाऱ्याला समांतर धावताना तो पृष्ठभागावरचं पाणी सोबत ओढतो, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं. रिकाम्या होणाऱ्या जागी खालचं गार पाणी वर येतं. त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं, वर्षानुवर्षं खाली पडलेल्या मेलेल्या जिवांचं खत. उजेडात आल्यावर त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यामागे मासे. ओमानच्या किनाऱ्यावरही हेच घडतं. मग तोच वारा वळतो, बाष्प घेऊन भारतावर येतो, सह्याद्रीवर बराचसा रिता होतो आणि उरलंसुरलं घेऊन लासूरपर्यंत पोचतो. पर्जन्यछायेतल्या तुमच्या गावाला जे थेंब मिळतात, ते देणाऱ्या वाऱ्यानेच वाटेत समुद्राची मशागत केलेली असते. मला या साऱ्या विषयातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते आणि शाळेच्या भूगोलात ती कुणी सांगत नाही.

वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात फार वेळ थांबू नका. समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेलाय, डहाणूसमोरची उथळ खाडी-समुद्राची पट्टी कोरडी पडलीय, नैऋत्येचा वारा अशक्त झालाय. किनारा सरकला, वारा बदलला, म्हणजे घरही सरकलं. व्हेल शार्कसाठी ही नवी गोष्ट नव्हती. त्याला सरकायला हजारो वर्षं मिळाली होती, एवढं मात्र लक्षात ठेवा.

१८२८ सालच्या एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टेबल बेमध्ये एक साडेचार मीटरचा अनोळखी मासा भाल्याने मारला जातो आणि अँड्र्यू स्मिथ नावाचा लष्करी डॉक्टर त्याचं वर्णन लिहितो. विज्ञानाची व्हेल शार्कशी ही पहिली भेट. ११३ वर्षांनी, १९४१ साली, तुम्ही मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आहात. बाहेर महायुद्धाचा काळ आहे, आणि सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर भारताच्या किनाऱ्यांवरच्या व्हेल शार्कवर दीर्घ लेख छापतात. हेच प्रेटर पुढे संविधान सभेत बसले. आपल्या पाण्यात हा मासा येतो, हे मुंबईला निदान तेव्हापासून छापील स्वरूपात ठाऊक आहे.

आणि आता १९७२. परत लासूर.

तुम्ही खडी फोडताय. तोच काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांचा, तुमच्या हातोडीखाली. दुष्काळी कामावर अख्खं गाव उतरलंय. बायकांच्या डोक्यावर पाट्या आहेत, पोरांच्या हातात सुकडी, घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. विहिरींचे तळ उघडे पडलेत. मोठी माणसं सारखी पश्चिमेच्या आभाळाकडे बघतायत. उलट दिशेला, फार दूर पूर्वेला, पॅसिफिक महासागरात त्या वर्षी एल निनो आहे. तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलंय आणि त्याने इकडच्या मोसमी वाऱ्यांची घडी विसकटलीय. अशा वर्षी शेतकरी हरतो हे आपण जाणतो. वारा मंदावला की खालचं पाणी वर ओढण्याचं कामही मंदावतं, हे आपण जाणत नाही. मराठवाड्याच्या दुष्काळाला आपण नेहमी जमिनीच्या बाजूनेच पाहिलं. समुद्राच्या बाजूनेही तो पाहायला हवा होता.

याच वर्षी हिंदी महासागरात कुठेतरी एक व्हेल शार्क मादी जन्मली, असं मनाशी धरा. जन्मताना ती हातभर, अर्धा मीटरच्या आसपास. तिच्या मणक्यावर वलयं साठत जातील. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत आणि मग समुद्रात सोडलेला किरणोत्सारी कार्बन अशाच मणक्यांत सापडला, आणि २०२० साली त्यावरून शास्त्रज्ञांनी या माशांचं वय पक्कं केलं. पाकिस्तानातून मिळालेल्या एका मणक्यावर पन्नास वलयं मोजली गेली. म्हणजे दुष्काळात जन्मलेली ही मादी आज तुमच्या-माझ्या जगात जिवंत असू शकते. तिला सोबत घेऊन चला.

फेब्रुवारी १९९५. तुम्ही ‘सागर कन्या’ या भारतीय संशोधन जहाजाच्या डेकवर आहात, मुंबईपासून दूर पश्चिमेला, ६४व्या रेखांशावर. जहाजावरचे लोक अरबी समुद्राच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासासाठी निघालेत; गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ त्यांत आहेत. वारा पुन्हा तोच: ईशान्येचा, खंडावरून आलेला, कोरडा. लासूरच्या फलाटावर तो तुमचे ओठ फोडत होता, इथे तो समुद्राच्या वरच्या थरातलं पाणी वाफ करून उचलतोय. वाफ होताना पाणी निवतं. निवलेलं आणि खारट झालेलं पाणी जड होतं आणि बुडतं. त्याच्या जागी खालचं वर येतं, तेही निवतं, तेही बुडतं. असं घुसळण चालत चालत शंभर मीटरच्या आसपास खोलीपर्यंतचं पाणी एकजीव होतं आणि खालचं खत वर पसरतं. उन्हाळ्यातली मशागत वाऱ्याच्या जोराने होते, ही हिवाळ्यातली थंडीने. उष्ण कटिबंधातल्या समुद्राला असा दोनदा हंगाम मिळणं दुर्मीळ आहे. उत्तरेला हिमालयापर्यंत जमिनीने कोंडलेल्या या समुद्राला तो मिळतो.

डेकवरून वाकून पाहा. बादलीत घेतलेलं पाणी स्वच्छ निळं नाही, हिरवट आहे. खाली सोडलेली बाटल्यांची चळत वर येते आणि नमुने तपासले जातात. दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू झपाट्याने संपत जातो, आणि हजार मीटरपर्यंत ही गुदमरलेली पट्टी पसरलेली आहे. वरून पडलेलं इतकं अन्न कुजवताना जिवाणू प्राणवायू वापरून टाकतात. म्हणजे या समुद्राची श्रीमंती वरच्या पातळ थरात एकवटलेली आहे, आणि तिथेच माशांची, होड्यांची आणि जहाजांची गर्दी होते. पुढे जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे.

मार्च-एप्रिल उजाडतो, वारा पडतो, पाणी तापू लागतं. आता समुद्रात उतरा. तुमची मादी तेवीस वर्षांची झालीय, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, तोंड सपाट आणि रुंद. ती सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ आलीय, कारण हिवाळ्यात पेरलेलं आता तयार झालंय. तिला फार थंड पाणी सोसत नाही. ती स्वतःचं शरीर उबदार ठेवू शकत नाही. पृष्ठभागावरचं २६ ते ३० अंशांचं पाणी तिच्या जातीला मानवतं. खोल जाता येतं, अगदी १९२८ मीटरपर्यंत गेलेल्या एका व्हेल शार्कची नोंद आहे, पण अशा बुडीनंतर हे मासे वर येऊन ऊब घेतात. नुसती ऊब असून भागत नाही. नितळ, उबदार, उपाशी पाणी उष्ण कटिबंधात अफाट पसरलंय. तिला ऊब आणि अन्न एकाच जागी हवंय, आणि तसं पाणी वर्षातले काही महिनेच कुठे कुठे मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू प्रवाळभित्तीवर तिचे भाऊबंद मार्चनंतर जमतात, प्रवाळांची अंडी पाण्यात सुटतात तेव्हा. कतारच्या अल शाहीन तेलक्षेत्रात ते शेकड्यांनी येतात, उन्हाळ्यात, माशांची अंडी खायला, थेट तेलाच्या फलाटांमधून पोहत.

तिच्या जबड्याजवळ या. भिऊ नका, तिचा घसा चिंचोळा आहे. ती तोंड उघडून संथ पुढे जाते, पाणी आत येतं, गाळण्यांतून जातं आणि कल्ल्यांवाटे बाहेर पडतं. मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ सव्वासहा मीटरच्या एका व्हेल शार्कच्या खाण्याचा हिशोब मांडला गेला: तासाला सुमारे ६०० घनमीटर पाणी. उन्हाळ्यात लासूरच्या आसपासच्या गावांत येणारे दहा हजार लिटरचे टँकर आठवा. तसे साठ टँकर, दर तासाला, आणि त्यातून हाती लागतं पावणेतीन किलोच्या आसपास अन्न. हा हिशोब जुळायचा तर पाणी दाट असायला लागतं. विरळ पाण्यात तिने दिवसभर तोंड उघडं ठेवलं तरी ती खंगत जाईल. म्हणून ती वाऱ्याच्या मागे फिरते.

मे १९९५, वेरावळ. इथे मी तुम्हाला नाक दाबू देणार नाही. किनाऱ्यावर यकृतं उकळतायत. ते तेल लाकडी होड्यांना फासतात, पाणी झिरपू नये म्हणून. हे जुनं चाललेलं आहे. नवं आहे ते मांसाचं गिऱ्हाईक. तैवानकडून मागणी आली आणि शिकार वाढली. मोठमोठे आकडे टोचून, दोरांना पिंपं बांधून मासा दमवला जातो. तो प्रतिकार करत नाही, म्हणून हे सोपं आहे. होडीवरच्या माणसांना राक्षस ठरवून मोकळं व्हावंसं वाटतं, पण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, की हा मासा तिशीच्या आसपास वयात येतो आणि आज मारलेली बहुतेक पोरं आहेत. तुमची तेवीस वर्षांची मादीही पोरच आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये तैवानजवळ मारलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० गर्भ निघाले, आणि हा मासा पिलं जन्माला घालतो हे जगाला तेव्हा कळलं. भारतीय जहाज या माशाचं ताट किती भरलेलं आहे ते मोजत होतं, आणि त्याच वर्षी ताटावर आलेल्याला किनाऱ्यावर कापलं जात होतं. दोन्ही नोंदींची वही एक झाली असती तर काही वर्षं आधी शहाणपण आलं असतं, असं मला अजून वाटतं.

माहितीपटकार माइक पांडे यांनी वेरावळचं हे दृश्य चित्रित केलं. ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ ही त्यांची फिल्म २००० साली आली. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, वाघाच्या रांगेत बसलेला पहिला मासा. २००४पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम चालवली, रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि ज्यांनी आकडे टोचले होते त्यांनीच जाळी कापून मासे सोडायला सुरुवात केली. शेकडो सुटले. समुद्राच्या कोणत्याही किनाऱ्यावर याहून सुंदर पालट मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रातही या. डिसेंबर २०१८नंतरची कुठलीही सकाळ. डहाणूकडच्या होडीत तांडेल आणि खलाशी जाळं ओढतायत आणि जाळं जड आहे. ठिपके दिसतात. पूर्वी नुकसान सोसायचं की मासा मारायचा, एवढंच होतं. आता संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ काढायचा. सुरी चालते. जाळं फाटतं. तुम्ही तिची शेपटी पाण्याखाली जाताना पाहता, आणि तांडेल आधी मोबाइल पुसतो, कारण भिजलेल्या मोबाइलवर अर्ज भरता येत नाही.

आपली मादी या घडीला पन्नाशी ओलांडलेली, कदाचित अनेकदा व्यालेली. तिच्या ताटाचं काय चाललंय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं, की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत सूक्ष्म वनस्पती २० टक्क्यांपर्यंत घटल्या. वरचं पाणी जितकं तापेल तितकं ते हलकं होऊन खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. खत खालीच अडकतं. हिवाळ्यातलं घुसळणही कमकुवत होतंय, कारण हिमालयावरचं बर्फ घटलं की तिकडून येणारा वारा पुरेसा थंड आणि कोरडा राहत नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात आता नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचे हिरवे तवंग पसरतात. ते जुन्या सूक्ष्म वनस्पतींना खाऊन टाकतात आणि स्वतः जेलीफिशसारख्यांच्या उपयोगी पडतात. समुद्र हिरवा दिसतो, पण ताट तेच राहिलेलं नाही.

शेवटची उडी पुढे मारा. २०२४ साली छापलेल्या एका जागतिक अभ्यासाने अनेक वर्षांच्या उपग्रह नोंदींवरून अंदाज मांडला: उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर २१००पर्यंत काही देशांच्या पाण्यातलं व्हेल शार्कचं मुख्य घर निम्म्याहून अधिक उणं होईल, काहींच्या पाण्यात नवं घर तयार होईल. मासे सरकतील, आणि सरकताना जहाजांच्या वाटांवर येतील. आजच त्यांच्या हालचालींचा ९० टक्क्यांहून अधिक भाग मोठ्या जहाजांच्या वावराच्या टापूत आहे. टक्कर लागून मेलेला व्हेल शार्क बुडतो. किनाऱ्याला लागत नाही, पंचनामा होत नाही, म्हणून तो कुणाच्या आकड्यात नाही.

तुम्ही एका कंटेनर जहाजाच्या नियंत्रण कक्षात उभे आहात, काही दशकांनंतरच्या एप्रिलमध्ये, विसाव्या अक्षांशाच्या जवळ. ३० ऑगस्ट २०२४ रोजी ज्याची पायाभरणी झाली आणि ज्याला तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले, त्या डहाणूजवळच्या वाढवण बंदराकडे हे जहाज निघालंय. लासूरवरून जाणाऱ्या मालगाड्यांत यातलेच काही कंटेनर पुढे चढतील. समोर पाणी हिरवट आहे. त्यात एक मादी, आपल्या मादीची लेक म्हणा, पृष्ठभागाला लागून तोंड उघडून चाललीय. रडारवर ती नाही. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला ती दिसायची शक्यता नाही, आणि दिसली तरी एवढं जहाज थांबायला काही किलोमीटर लागतात. या क्षणी कुणीच काही करू शकत नाही. जे करायचं ते आधी करता येतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल वाचवायला २००८पासून ठरावीक महिन्यांत ठरावीक पट्ट्यांत जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा आहे. आपल्याकडे पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा उपग्रहावरून रोज दिसतो. हैदराबादची इन्कॉईस संस्था त्यावरूनच मच्छीमारांना मासे कुठे सापडतील ते कळवते. त्याच नकाशावरून मार्च ते मे या महिन्यांत कुठल्या पट्ट्यात जहाजांनी हळू जावं, हेही कळवता येईल. बंदर अजून बांधून व्हायचं आहे. त्याच्या वाटा आखणारी माणसं आज आपापल्या टेबलाशी बसलेली आहेत, आणि त्यांना पत्र लिहायला समुद्रकाठी राहावं लागत नाही.